समुद्र डाव्या हाताला

धायरीला आम्ही राहत होतो त्या सोसायटीत एक गृहस्थ भर एप्रिलमध्ये रेनकोट घालून सायकल चालवत. सकाळी नाही, दुपारी. नऱ्ह्याकडचा चढ चढून ते गेटात शिरायचे तेव्हा रेनकोटाच्या बाह्यांतून पाणी गळत असे, आणि ते पावसाचं नसे. पहिल्यांदा वॉचमन घाबरला.

"साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"श्रीलंकेत हवा दमट असते," साहेब म्हणाले. "सराव नको?"

वॉचमनने हे मला येऊन सांगितलं, कारण मी सोसायटीची सेक्रेटरी होते आणि इमारतीत काहीही विचित्र घडलं की ते आधी माझ्याकडे येत असे. मी त्याला सांगितलं की रेनकोट कधी घालावा याबद्दल आपल्याकडे नियम नाही.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसाला सगळे नुसतं साहेब म्हणत. ते मला 'सेक्रेटरी' म्हणत. जिन्यात भेटले तरी, फोनवर बोलले तरी. लग्न केलेलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर ते आणि त्यांची आई, एवढंच घर. आई ऐंशीच्या पुढची, दौंडकडच्या गावातून लग्न होऊन खडकीला आलेली. नवरा कारखान्यात कामगार. खडकीत जन्म काढूनही त्यांची भाषा गावाकडचीच राहिली होती, आणि मुलाच्या घराला त्यांनी फार मान दिलेला नव्हता.

"लगीन कर म्हनलं तर ह्यानं नकाशा केला," त्या पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या.

नकाशा खरंच होता. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत. श्रीलंकेचा किनारा त्यांनी स्वतः काढला होता: प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण, पूल, होडीने ओलांडायच्या जागा. आत मात्र काही नव्हतं. गाव नाही, नदी नाही, डोंगर नाही. कोरा पांढरा कागद. त्यांना त्या बेटाभोवती सायकलवर एक पूर्ण फेरी मारायची होती, किनारा न सोडता. नोकरीत असल्यापासून ते ही फेरी आखत होते.

"ह्यात अनुराधपूर कुठं हाय?" आईंनी त्या दिवशी माझ्यासमोर विचारलं. सूर असा की हा प्रश्न रोजचाच असावा.

"नाही. ते आत आहे," साहेब म्हणाले.

"मला दिसंना म्हनून इचारलं."

"तुला दिसतंय, आई. तिथे नाहीच आहे."

हा काय प्रकार आहे ते मला नंतर आईंनीच सांगितलं. साहेबांचे वडील छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले होते. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं की ज्या झाडाखाली बुद्धाला ज्ञान झालं त्याची फांदी पार लंकेत नेऊन अनुराधपूरला लावली आहे, आणि ते झाड अजून आहे. ते आयुष्यभर म्हणत राहिले, एकदा जाऊ. गेले नाहीत. आता मुलगा लंकेला जायचं म्हणतो, तर आईंची अपेक्षा साधी होती. त्याने जावं, झाड बघावं, आणि आपण आहोत तोवर येऊन सांगावं. मुलाच्या आखणीत ते झाड बसत नव्हतं, आणि आईंकडे फार वर्षं नव्हती. दोन्ही गोष्टी दोघांनाही माहीत होत्या आणि त्यावरून ते भांडत नसत. नुसतं दर काही दिवसांनी नकाशात अनुराधपूर शोधलं जायचं.

साहेबांच्या सवयी सांगायच्या तर अंतरापासून सुरुवात करावी लागेल. ते किलोमीटर म्हणत नसत. बाटल्यांत मोजत.

"खडकवासला? एक बाटली. पानशेत? उन्हाळ्यात चार, हिवाळ्यात अडीच."

"साहेब, गूगल बघा ना," आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधला एखादा मुलगा म्हणायचा.

"तुमच्या गूगलला तहान लागते का?"

स्वतःचा हवेचा पंप ते कोणालाही देत नसत. डॉक्टरीणबाई, म्हणजे ग्रुपमधल्या दातांच्या डॉक्टर, एकदा डोणज्याजवळ पंक्चर होऊन उभ्या होत्या. साहेबांनी सायकल थांबवली, खाली बसले, त्यांचं चाक काढलं, पंक्चर काढलं, चाक बसवलं आणि स्वतःच्या पंपाने स्वतः हवा भरली. पण बाईंनी पंपाला हात लावला तेव्हा म्हणाले, "तुम्ही लोकांचे दात बघता. कोणाचा ब्रश वापरता का?"

सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून दरवर्षी जुंपायची. ते मागच्या खुर्चीवर बसून ऐकत आणि शेवटी उठून एकच वाक्य बोलत: "मला दोन चाकांपुरती जागा द्या, उरलेल्या चाकांचं तुम्ही बघा." मग सभा संपायच्या आत निघून जात. पाण्याच्या टाकीचा विषय असला तर मात्र थांबत. आणि त्यांचं म्हणणं बरोबर असे, त्यामुळे कोणाला आवडत नसे.

सहलीचे त्यांचे नियम ठरलेले होते. पहिला, समुद्र डाव्या हाताला. तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने वाहन चालवतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बेटाला फेरी मारली तर समुद्र डावीकडे राहतो आणि सायकल व पाणी यांच्यामध्ये कोणी येत नाही. उलट दिशेने गेलं तर मध्ये सगळी वाहतूक. "ट्रकच्या खालून समुद्र बघायचा असेल तर मुंबईला जा," असं ते म्हणत. दुसरा नियम, बरोबर गाडी नाही. "सामानाला गाडी घेतली की ती सायकलची सहल नसते. वरात असते." म्हणून ते सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत पाण्याचे कॅन भरून सिंहगड रस्त्यावर सराव करायचे. भाजीवाला विचारायचा, "साहेब, गाव सोडलं काय?"

एवढी तयारी असलेला माणूस जात का नाही, हा प्रश्न मी त्यांना सरळ विचारला. ते म्हणाले, हवामान. त्या बेटाच्या दोन बाजूंना पाऊस वेगवेगळ्या वेळी पडतो. पश्चिम किनारा कोरडा असतो तेव्हा पूर्वेला भिजायची भीती, पूर्व कोरडी असते तेव्हा पश्चिमेला. अख्खा किनारा एकाच वेळी चांगला, असा खात्रीचा महिना नाही.

"मग एका बाजूला भिजायचं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी टाकीला भोक पाडून पाणी मोजायला सांगितलं.

खरं कारण दुसरं होतं आणि ते मला एका रविवारी खडकवासल्याला कळलं. बाकीचे कणसं खात होते, साहेब आणि मी चहा घेत होतो. ग्रुपमध्ये नवीन आलेल्या एका गृहस्थांनी आदराने विचारलं, "साहेब, लंकेला जाताय म्हणे. म्हणजे तुमची तीर्थयात्राच, नाही का?"

"सायकलवर जाणार आहे," साहेब म्हणाले.

"हो, हो. पण भावना महत्त्वाची."

ते गृहस्थ गेल्यावर साहेबांनी चहा संपवला. मग म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही मागच्या दिवाळीत गोव्याला गेलात."

"गेले होते."

"कोणी विचारलं का, कुठल्या देवळासाठी?"

"नाही."

"मी ऑफिसात पहिल्यांदा लंका म्हटलं तेव्हापासून हे ऐकतोय. 'हां हां, तुमचं ते.' तुमचं ते! मी कुठंही गेलो की ते कशासाठी तरीच असतं. कोणीतरी पाठवलेलं असतं. मला एकदा कशासाठीच नसलेल्या ठिकाणी जायचंय. तुम्ही लोक जाता तसं. समुद्र दिसतो म्हणून."

"आणि आई?"

"आईचं बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून तर अडलंय."

ते उठले आणि सायकलच्या चाकातली हवा तपासायला लागले. हवा व्यवस्थित होती.

त्यानंतर मी हे काम हातात घेतलं. ज्या सहलीची तारीख नसते ती सहल नसते, असं माझं मत आहे. फेब्रुवारी ठरवला. ग्रुपमधले साहेब धरून पाच जण जायचे ठरले. माझा गुडघा सलग इतके दिवस साथ देणार नव्हता, तेव्हा मी नुसती व्यवस्था बघणार. रजा, व्हिसा, सायकली खोक्यात बांधणं, राहायच्या जागा. साहेबांनी विरोध केला नाही. बहुधा आपल्याशिवाय कोणीतरी तारीख ठरवावी याची ते वाट बघत असावेत.

शेवटची बैठक त्यांच्या घरी झाली. सगळे भिंतीपुढे सतरंजीवर बसलो. आई आतल्या खोलीच्या दारात खुर्चीवर. साहेब पट्टी घेऊन किनाऱ्याने वर वर जात होते: निगोंबो, चिलाव, पुत्तलम. पुत्तलमच्या वर पट्टी थांबली.

"इथे अभयारण्य आहे," ते म्हणाले. "जंगल समुद्रापर्यंत येतं. सायकलला आत सोडत नाहीत."

"मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"होडी."

"कसली होडी?"

"मासेमारीची. सायकली होडीत घालायच्या, जंगल संपलं की वर मन्नारला उतरायचं. किनारा सुटत नाही."

"साहेब, मला पोहता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"होडीत पोहावं लागत नाही."

"आणि सायकली? त्या ओल्या जाळ्यांवर?"

"गुंडाळू."

"तिथला कोणी माहीतगार आहे का तुमच्या ओळखीचा? परवानगी? समुद्रात त्यांचं नौदल फिरतं हो. आपल्याला कोण समजतील ते?"

"सायकलवाले," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

मी फोनवर रस्ता काढला आणि वाचून दाखवला. अभयारण्य चुकवायचं तर एकच सरळ मार्ग होता: पुत्तलमहून आत वळायचं, एक मुक्काम आतल्या गावात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मन्नारच्या किनाऱ्यावर. मुक्कामाच्या गावाचं नाव मात्र वाचलं नाही. गरज नव्हती. सगळ्यांना दिसत होतं, आणि साहेबांना तर ते कितीतरी वर्षं माहीत असणार. भिंतीवर आतला सगळा भाग त्यांनी कोरा ठेवला होता, तो उगाच नव्हे.

"तिथून जायचं नाही," ते म्हणाले.

"का नाय?" दारातून आवाज आला.

"आई, ते आपल्या वाटेवर नाही."

"ही बाई तर म्हनती, तीच वाट हाय."

"मला तिथे हात जोडायला लागतील. माझे हात हँडलवर पाहिजेत."

"तुला कोन जोड म्हनलं?" आई म्हणाल्या. "तू नको जोडू. तू गाड्यांची राखन कर भाईर. मी जाते."

"तू कशी जाशील?"

"इमानात बसून. तू कसा चाललास?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पासपोर्ट वेळेत होईल. मी बरोबर जाईन. आम्ही दोघी विमानतळावरून आतल्या रस्त्याने थेट तिथे जाऊ आणि दोन दिवसांनी परत येऊ. तुमच्याबरोबर गाडी नसेल. वरात होणार नाही."

"बघ," आई म्हणाल्या. "तुझे बाप म्हनत म्हनत गेले. तू बी म्हनत म्हनत म्हातारा झालास. मी काय आता वाट बघायची न्हाई."

पट्टी बराच वेळ पुत्तलमवर होती. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. रस्ता म्हणून जाऊ. दर्शन म्हणून नाही."

"व्हय," आई म्हणाल्या. "तू रस्ता बघ. मी झाड बघते. चहा कुनाकुनाला?"

फेब्रुवारीत आम्ही गेलो. विमानात आईंनी खिडकी मागून घेतली आणि सगळ्या प्रवासात एकदाच बोलल्या: "ढग वरून मळके दिसत न्हाईत." सायकलवाले किनाऱ्याने निघाले, आम्ही दोघी भाड्याच्या गाडीने अनुराधपूरला पोचलो आणि त्यांची वाट बघत राहिलो. आईंनी बॅगेतली पांढरी साडी काढून पलंगाच्या कठड्यावर पसरून ठेवली. मी पुत्तलमहून निघालेल्या सायकलवाल्यांना फोन करत होते. सगळं ठरल्यावेळी चाललं होतं. फक्त डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं की समुद्र सोडून आत वळल्यापासून साहेब एक अक्षर बोललेले नाहीत.

ते दुपारी पोचले. धुळीने भरलेले, चेहरे लाल. बाकीचे खोलीवर आंघोळीला गेले. साहेब नाही गेले. "ऊन उतरायची वाट बघू," मी म्हटलं, पण आई साडी नेसून तयार होत्या. तेव्हा तसेच निघालो. आई आणि मी रिक्षाने, ते सायकलवर मागे.

फाटकाशी चपला काढायच्या होत्या. साहेबांनी सायकल बाजूला एका भिंतीला टेकवली. बाकीचेही आंघोळ उरकून मागोमाग आले, त्यांनी त्यांच्या सायकली तिथेच लावल्या. "मी बघतो," साहेब म्हणाले. "तुम्ही जा." ग्रुपमधल्या कोणी आग्रह केला नाही. माझी तशी सूचना होती.

झाडाजवळ फार वेळ लागला नाही. खूप लोक होते, सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि त्या मानाने अजिबात आवाज नव्हता. आईंनी फुलं ठेवली, माझा दंड धरून खाली बसल्या, डोळे मिटले. झाडाला खालून टेकू दिलेले होते. त्या उठल्या तेव्हा म्हणाल्या, "टेकून उभं हाय. पर हाय." एवढंच. परत येताना वाळू इतकी तापली होती की मी पाय उचलत चालत होते. आई सरळ चालत होत्या.

बाहेर साहेब सायकलींपाशी उभे होते. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. बूट काढून, मोजे त्यात खुपसून, चाकाशेजारी नीट जोडीने ठेवलेले. तिथे, फाटकाच्या बाहेर, बूट काढायची कोणाला गरज नव्हती. आजूबाजूचे विक्रेते, रिक्षावाले सगळे चपला घालून होते. ते अनवाणी उभे होते, पाय एकाआड एक उचलत, आणि रस्त्याकडे बघत होते.

आईंनी पाहिलं. मीही पाहिलं. आई त्यांच्याजवळ गेल्या.

"बूट घाल. पाय भाजत्यात."

ते खाली बसून मोजे चढवू लागले.

"झालं माझं," आई म्हणाल्या. "आता मला तुझा समुद्र दाव."

साहेबांनी वर पाहिलं. "तू समुद्र बघितलायस. दादरला."

"दादरला गर्दी बघितली. दर सहा डिसेंबरला गर्दीच बघितली. पान्याकडं कोन बघतंय? तुझा दाव. ज्याच्यापायी एवढं चाललंय त्यो."

"इथून लांब आहे, आई. उद्या आम्ही सायकलने जाऊ ते..." ते थांबले. दुसऱ्या दिवशी आईंचं आणि माझं परत जायचं ठरलं होतं, विमानतळाकडे, उलट्या दिशेला.

त्यांनी बुटाची नाडी बांधली. मग उभे राहून मला म्हणाले, "सेक्रेटरी, मोठी गाडी मिळेल का? उद्या सकाळी. सायकली टपावर बांधता येतील अशी."

"तुमचा टप्पा?" मी विचारलं.

"टप्पा रद्द."

गाडी मिळाली. विमानाची तिकिटं एक दिवस पुढे गेली. सकाळी सगळे जण त्या गाडीत बसलो, टपावर सायकली. साहेब पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आणि मन्नारपर्यंत त्यांनी एकदाही बाटल्यांत अंतर सांगितलं नाही. आई मागच्या सीटवर डॉक्टरीणबाईंना दाढ दाखवत होत्या.

समुद्र आला तो अगदी साधा होता. उथळ, राखाडी, लाटासुद्धा धड नाहीत. दोन होड्या ओढून ठेवलेल्या, एक कुत्रा, आणि माणूस एकही नाही. मला वाटलं, एवढ्यासाठी तिकिटं बदलली. साहेबांनी गाडीतून आईंना उतरवलं, पाण्याशी नेलं. त्या साडी थोडी वर धरून घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. मी चपला हातात घेऊन मागे होते, त्यामुळे बोलणं ऐकू आलं.

"हितं काय हाय?"

"काही नाही."

"कुनाचं काय? देऊळ, गिवळ?"

"नाही."

"मग लोकं कशापायी येत्यात?"

"येतच नाहीत फारशी. आली तर अशीच येतात."

आई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं हाय. कुनी कायच मागत न्हाई." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या बापाला आवडलं नसतं. मला आवडलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी परतलो. साहेब आणि बाकीचे तिथून पुढे निघाले, जाफन्याला, मग पूर्वेच्या किनाऱ्याने खाली. तिथे दोन दिवस पाऊस लागला, भिजले. ठरल्या दिवशी सगळे धडधाकट परत आले.

सोसायटीने गणपतीच्या मांडवात लावतात तसा फलक केला होता: 'सायकलवरून श्रीलंकेची संपूर्ण फेरी'. नारळ, शाल. अध्यक्षांनी भाषण केलं आणि साहेबांना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, फलकाकडे बघितलं.

"संपूर्ण नाही," ते म्हणाले. "एका टप्प्याला आम्ही गाडीत होतो. फलक दुरुस्त करा."

लोक हसले. त्यांना वाटलं हे नेहमीचं तिरकस बोलणं आहे.

"मग तेवढा टप्पा पुढच्या वर्षी पुरा करून या, साहेब," अध्यक्ष म्हणाले.

"नाही," साहेब म्हणाले. "तो टप्पा आईचा होता." आणि खाली बसले.